सरकारी सल्ला : शास्त्राचा की रूढीचा?



घरात सून गरोदर आहे असे समजा. तिने काय खावे, काय टाळावे हे ठरवायला तुमच्यापुढे दोन पुस्तिका आहेत. दोन्ही भारत सरकारच्याच संस्थांनी काढलेल्या. पहिली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची, २०११ सालच्या आवृत्तीची. गरोदर स्त्रीने दूध, मांस, अंडी पुरेशी घ्यावीत, असे तीत म्हटले आहे. दुसरी केंद्रीय योग व निसर्गोपचार संशोधन परिषदेची. ही परिषद आयुष मंत्रालयाखाली येते, आणि तिची माता-बाल संगोपनावरची ही पुस्तिका २०१७ साली देशभर गाजली. चहा, कॉफी, साखर, मैदा, तळलेले पदार्थ यांच्याच रांगेत तीत अंडी आणि मांसाहार बसवले होते. शिवाय गरोदर स्त्रीने काम, क्रोध, आसक्ती, द्वेष यांपासून दूर राहावे, असाही उपदेश होता.

शिक्का एकाच सरकारचा, सल्ले मात्र एकमेकांच्या विरुद्ध. मग सुनेच्या ताटात अंडे वाढायचे, की ताटात असलेले काढून घ्यायचे?

हा प्रश्न चुलीपाशी सुरू होतो, पण तिथेच संपत नाही. सरकारने आरोग्याच्या नावाने सांगितलेली गोष्ट शास्त्राने सिद्ध झालेली असतेच काय? की एखाद्या समाजाची रूढी, त्याच्या सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना, डॉक्टरचा पांढरा कोट अंगात घालून आपल्या दारात येऊ शकतात? माझे उत्तर असे की, येऊ शकतात, आलेल्या आहेत, आणि त्यांना ओळखण्याची दृष्टी तथागतांनी आपल्याला दिलेली आहे. हे उत्तर मी एकेक पायरीने मांडतो. ते तुम्हीही पारखून घ्या.

छापील कागदाचा दरारा

आपल्यापैकी पुष्कळ घरांत छापील कागद वाचणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे. कागदाने आपल्याला पुष्कळ दिले. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, शिधापत्रिका, नोकरीचा हुकूम. ज्यांच्या आजोबांचा अंगठा कोऱ्या कागदावर उमटवून घेतला गेला, त्यांच्या नातवाला कागदाचे मोल कळते. म्हणूनच छापलेल्या गोष्टीविषयी आपल्या मनात आदर असतो आणि थोडी भीतीही असते. पोथीवरचा विश्वास आपण १९५६ साली दीक्षाभूमीवर सोडला. पण पोथीची जागा परिपत्रकाने घेतली, तर सुटका कशाची झाली?

याच्या उलट असाही एक वर्ग आपल्यात तयार होत आहे, जो म्हणतो, सरकार सांगते ते सगळेच खोटे. लसही खोटी, गोळ्याही खोट्या. ही चिकित्सा नव्हे. हा नुसता संताप आहे, आणि संतापाने मूल बरे होत नाही.

कालाम सुत्तात भगवंतांनी केसपुत्तच्या लोकांना सांगितले ते आपण विहारात अनेकदा ऐकतो. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. ती हिताची की अहिताची हे स्वतः जाणून घ्या, मग स्वीकारा. सांगणारा मोठा आहे, यात सरकारही आले. पण सरकार सांगते म्हणून ती गोष्ट टाकून द्या, असेही तिथे कोठे म्हटलेले नाही. तथागतांनी तपासायला सांगितले, आणि तपासण्यातून होकारही निघतो, नकारही निघतो.

रक्तालाही वेगळा माठ

रूढी सरकारी आरोग्यात कशी शिरते, हे पाहायला आधी आपल्या देशाबाहेरचे एक उदाहरण घेऊ. दुसऱ्याच्या घरातली चूक चटकन दिसते.

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी अमेरिकेत रक्त गोळा करण्याची मोठी मोहीम निघाली. १९४१ साली अमेरिकन रेड क्रॉसने काळ्या माणसांचे रक्त घ्यायलाच नकार दिला. ओरड झाल्यावर १९४२ च्या जानेवारीत ते घेण्याचे ठरले. पण काळ्यांचे रक्त वेगळे ठेवायचे आणि गोऱ्यांना द्यायचे नाही, या अटीवर. वास्तविक कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने रक्तगटांचा शोध शतकाच्या आरंभीच लावला होता आणि त्यासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिकही मिळाले होते. रक्त जुळते की नाही हे गटावर ठरते, कातडीच्या रंगावर नव्हे, हे डॉक्टरांना ठाऊक होते. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय प्रमुखांनी १९४१ च्या पत्रात तसे कबूलही केले होते. या वेगळेपणामागे पटण्यासारखे शारीरिक कारण नाही, पण लोकांच्या मनाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे, असा त्या पत्राचा भावार्थ होता. रक्त साठवण्याच्या तंत्रात ज्यांनी मोलाची भर घातली ते डॉ. चार्ल्स ड्र्यू स्वतः काळे होते. रेड क्रॉसने ही विभागणी बंद केली ती १९५० साली.

वाचकहो, आपल्याला हे नवे वाटत नाही. गावात आपल्यासाठी माठ वेगळा होता. तिथे रक्ताची बाटली वेगळी होती. फरक इतकाच की, माठाला धर्माचे नाव होते आणि बाटलीला वैद्यकाचे. सल्ला देणारे अडाणी नव्हते, शिकलेले डॉक्टर होते. शिक्षणाने रूढी आपोआप जात नाही. पुष्कळदा ती शिकलेल्या भाषेत बोलू लागते.

अंड्याचा खटला

आता आपल्या देशात येऊ.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. गरोदर स्त्रियांत हे प्रमाण ५२ टक्क्यांवर होते. पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. हे ज्या देशाचे आकडे, त्या देशात एका अंड्याची किंमत काय? एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, तीही शरीराला पूर्ण उपयोगी पडणारी. रक्त तयार व्हायला लागणारे ब-१२ जीवनसत्त्व अंड्यात असते. डाळ-भाजीत ते मिळत नाही. दुधात पाणी घालता येते, डाळ पातळ करता येते, अंड्यात मात्र भेसळ करता येत नाही. सोलून हातात दिले की ते मुलाच्याच पोटात जाते.

तरीही अंड्यावर खटला चालूच आहे. २०१५ साली मध्य प्रदेशात काही आदिवासी जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांत अंडी देण्याची सूचना आली, तेव्हा मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ती फेटाळली. दूध आणि केळी देऊ म्हणाले. तिथली आदिवासी मुले घरी अंडी खात नव्हती काय? खातच होती. नको होते ते ज्यांच्या ताटात ते मुळीच वाढायचे नव्हते त्यांना.

कर्नाटकात डिसेंबर २०२१ मध्ये यादगीरसह काही जिल्ह्यांत शाळेच्या जेवणात अंडे आले, तेव्हा काही मठाधिपतींनी विरोध केला. त्यांचा विरोध धर्माच्या नावाने होता आणि तो उघड होता, त्यामुळे त्याविषयी फसगत होण्याचे कारण नव्हते. फसगत झाली ती पुढच्या वर्षी. २०२२ साली नव्या शैक्षणिक धोरणासाठी त्याच राज्यात आरोग्यावर एक भूमिकापत्र तयार झाले. समितीचे प्रमुख बंगळूरच्या निम्हान्स या नामवंत संस्थेतले डॉक्टर होते. त्या पत्रात असा आशय होता की, भारतीयांची शरीरयष्टी लहान असल्यामुळे अंडी आणि मांस नेहमी खाल्ल्याने कोलेस्टेरॉलमधून जादा ऊर्जा मिळते आणि त्यातून विकार जडतात.

मी वर्गात विज्ञान शिकवणारा माणूस आहे, म्हणून इथे थांबतो. कोलेस्टेरॉलपासून शरीराला ऊर्जा मिळत नाही. शरीर ते जाळून शक्ती निर्माण करत नाही. पेशींच्या भिंती, पित्तरस आणि काही संप्रेरके बनवायला ते वापरते. म्हणजे वाक्य शास्त्राच्या शब्दांत लिहिलेले, पण त्यातले शास्त्रच चुकीचे. शिवाय ज्या मुलांचे वजन भरत नाही त्यांना जादा पोषणाची भीती घालणे म्हणजे रिकाम्या रांजणाला पुराची भीती घालण्यासारखे आहे. इतकी ढोबळ चूक तज्ज्ञांच्या समितीतून सुटली कशी? निष्कर्ष आधी ठरलेला असला आणि कारण मागाहून शोधले, की कारणाकडे कोणी नीट पाहत नाही.

आपल्या महाराष्ट्राचे चित्रही दुहेरी आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या लहान मुलांना अंडी देण्याची तरतूद शासनानेच केली, आणि ती चांगली केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारातही आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्यासाठीचा सरकारी निधी बंद करून, हवे असल्यास लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या वस्तीत पालक रोजंदारीवर जातात, तिथे वर्गणी कोण काढणार? खर्च परवडत नसेल तर शासनाने तसे सांगावे. त्यावर वाद घालता येतो. पण अंडे मुलाला बाधते, असे कोणी आरोग्याच्या नावाने सांगू लागला, तर पुरावा मागितलाच पाहिजे.

‘सात्त्विक’ हा शब्द कोठून आला?

अशा सल्ल्यांत काही शब्द वारंवार भेटतात. सात्त्विक, तामसी, शुद्ध, संस्कारक्षम. हे मोजण्याचे शब्द नव्हेत. रक्तातले हिमोग्लोबिन ग्रॅममध्ये मोजतात; गरोदर स्त्रीचे ते ११ च्या खाली गेले की रक्त कमी आहे असे जागतिक आरोग्य संघटना धरते. सात्त्विकपणा कोणत्या यंत्राने मोजायचा? अन्नाची सात्त्विक, राजस, तामस ही विभागणी भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. ती धर्मग्रंथातली विभागणी आहे, पोषणशास्त्रातली नव्हे.

आणि या विभागणीला समाजात टोके आहेत. ज्याचे अन्न शुद्ध तो वरचा, ज्याचे अशुद्ध तो खालचा. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात अस्पृश्यतेचा उगम गोमांसाच्या प्रश्नाशी कसा जोडलेला आहे, हे त्यांनी साधार मांडले. म्हणजे ताटात काय आहे यावरून माणसाची जागा ठरवण्याची रीत या देशात जुनी आहे. तीच रीत आता पोषणतक्त्यात डोकावते, तेव्हा तिची ओळख आपल्याला सर्वांआधी पटली पाहिजे.

मधल्या सुट्टीत मी पाहतो. सुकट-भाकरी आणलेले मूल डब्याच्या झाकणाआड हात धरून जेवते. गुळपोळी आणलेले मूल डबा मधोमध ठेवते. कोणत्याही पुस्तकात सुकट वाईट असे लिहिलेले नाही. सुक्या मासळीत प्रथिने भरपूर असतात, हे त्या मुलाला ठाऊकही नसते. त्याला फक्त इतके कळते की, आपले अन्न झाकायचे असते. एका सरकारी पुस्तिकेने या लाजेवर शिक्का मारला, तर ती लाज किती पिढ्या पुरेल?

बाबासाहेबांनीही मांस सोडायला सांगितले नव्हते काय?

काही बांधव इथे एक शंका काढतील. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडायला सांगितले, मग तेही रूढीचेच बोल नव्हते काय? नव्हते. बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मेलेल्या ढोराचे मांस. ते गावकीच्या लाचार कामाबरोबर आपल्या गळ्यात पडलेले होते. कसली व्याधी होऊन जनावर मेले हे कोणाला ठाऊक नसे. ते खाणे शरीराला धोक्याचे होते आणि स्वाभिमानाला त्याहून धोक्याचे. त्यांनी दोन्ही कारणे उघड सांगितली. स्वाभिमानाच्या गोष्टीला त्यांनी औषधाचे नाव दिले नाही.

दुसरी शंका धम्माची. पाणातिपाताचे शील घेतलेल्या बौद्धाने मांस खावे काय? यावर बौद्ध जगात मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. पालि साहित्यात मात्र काही गोष्टी स्पष्ट आहेत. जीवक सुत्तात तीन अटींवर भिक्खूला मांस घेण्याची मुभा आहे : आपल्यासाठी प्राणी मारल्याचे त्याने पाहिलेले नसावे, ऐकलेले नसावे, आणि तशी शंकाही नसावी. देवदत्ताने भिक्खूंवर मांस-मासळीची कायम बंदी घालावी असा आग्रह धरला, तो भगवंतांनी मान्य केला नाही. आणि सुत्तनिपातातल्या आमगंध सुत्ताचा आशय असा की, अपवित्रतेचा दुर्गंध मांसात नसतो. हिंसा, चोरी, खोटेपणा, कपट यांत असतो. आपले धर्मानंद कोसंबी यांनीही ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात या विषयाची सविस्तर चर्चा केली आहे.

तुमच्यापैकी कोणी करुणेने मांस सोडले असेल, तर त्याला माझा मनापासून आदर आहे. नीट आखलेल्या शाकाहारावर माणूस निरोगी राहू शकतो, हेही खरे. माझा मुद्दा एवढाच : नीतीची गोष्ट नीती म्हणून सांगा. “प्राण्याविषयी दया वाटते म्हणून मी अंडे खात नाही,” असे म्हणणारा सत्य बोलतो. पण “अंडे खाल्ल्याने गर्भ बिघडतो,” असे पुराव्याशिवाय म्हणणारा मुसावादा वेरमणीचे शील मोडतो. व्यक्तीने असे केले तर एका घराचे नुकसान होते. शासनाने केले तर ते लाखो घरांचे होते. आणि श्रीमंताला दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येते, गरिबाला मात्र जे कागदावर आहे तेच ताटात घ्यावे लागते.

पुरावा म्हणजे काय?

पुरावा पुरावा असे आपण म्हणतो. तो असतो कसा? दोन उदाहरणे सांगतो.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमेवरच्या बनगाव येथे आले. छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायच्या सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात मिसळून नातेवाइकांच्या हातून रोग्यांना पाजायला सुरुवात केली. ज्या छावणीत आधी शंभरांतले सुमारे ३० रोगी दगावत होते, तिथे ते प्रमाण ३.६ वर आले. त्या काळी शिकलेल्या डॉक्टरांचीही अशी समजूत होती की, हे काम अशिक्षित आईच्या हाती देण्याजोगे नाही. ती समजूत आकड्यांपुढे टिकली नाही. आज जुलाबावर जे ओ.आर.एस. आशाताई आपल्याला देते, त्यामागे हा पुरावा आहे.

दुसरे उदाहरण पुन्हा अंड्याचे. इक्वेडोर या देशात सहा ते नऊ महिन्यांच्या १६३ बाळांचे दोन गट केले. एका गटाला सहा महिने रोज एक अंडे दिले, दुसऱ्याला दिले नाही. २०१७ साली निष्कर्ष आला : अंडी खाणाऱ्या गटात वाढ खुंटण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी होते. पुढे आफ्रिकेतल्या मलावी या देशात असाच प्रयोग झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात उंचीवर तसा परिणाम दिसला नाही. तिथली बाळे आधीपासूनच मासळी बरीच खात होती.

मी दुसरा निष्कर्ष लपवला नाही, हे लक्षात घ्या. अंडे म्हणजे अमृत असे मला सांगायचे नाही. ज्याच्या आहारात प्रथिनांची उणीव आहे त्याला त्याचा मोठा उपयोग आहे. ज्याला मासळी मिळते त्याला कमी. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या प्रौढाने किती खावीत, हे डॉक्टरांना विचारावे. शास्त्र असे बोलते : कोणाला, किती, कोणत्या परिस्थितीत. रूढी मात्र एकच वाक्य सगळ्यांना सांगते.

ही रीत आपल्याला परकी नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. शरद ऋतूत भिक्खू आजारी पडून कृश आणि फिकट झाले. ते पाहून भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे ठराविक वेळी घेण्यास अनुमती दिली. तरीही भिक्खू सुधारले नाहीत असे दिसले, तेव्हा नियमाला चिकटून न बसता ही औषधे अवेळीही घेण्यास त्यांनी मुभा दिली. आधी रोग्याकडे पाहिले, उपाय केला, पुन्हा रोग्याकडे पाहिले आणि नियम बदलला.

याच्याशी एक अलीकडचा सल्ला ताडून पाहा. २९ जानेवारी २०२० रोजी आयुष मंत्रालयाने कोरोनाच्या प्रतिबंधासाठी आर्सेनिकम अल्बम ३० हे होमिओपॅथीचे औषध तीन दिवस उपाशीपोटी घेण्याची शिफारस केली. भारतातला कोरोनाचा पहिला रुग्ण केरळात आढळला तो ३० जानेवारीला. रोग देशात सापडण्याआधी औषध जाहीर झाले. मग ते तपासले कोणावर?

सरकारचे चांगलेही ओळखा

आता नाण्याची दुसरी बाजू. ती सांगितली नाही, तर हा लेख अपुरा राहील आणि धोकादायकही ठरेल.

कित्येकदा सरकारी सल्ला शास्त्राचा असतो आणि रूढी आपल्याच घरात बसलेली असते. बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक फेकून देण्याची रीत अजून काही घरांत आहे. खरे तर तो चीक म्हणजे बाळाचे रोगापासूनचे पहिले संरक्षण. जन्मानंतर तासाभरात बाळाला पाजावे असे सरकारी दवाखाना सांगतो; तरी मघाच्याच पाहणीत तासाभरात पाजलेल्या बाळांचे प्रमाण देशात ४१.८ टक्केच निघाले. गरोदरपणात जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल म्हणून सुनेला कमी वाढणारी सासू कोणत्या सरकारने पाठवली? देवीच्या रोगाला आपण देवीचा कोप म्हणत होतो. भारतातला त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ साली झाला, तो लसीमुळे. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तोही लसीमुळे. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, ती उपकेंद्रातून फुकट मिळते आणि तपासलेली आहे. ती उकिरड्यावर टाकणारे घर स्वतःच्या सुनेचे रक्त उकिरड्यावर टाकते.

आणखी पुढे जाऊन सांगतो. ज्या पुस्तिकेवर मी टीका केली, तिच्यातलाही प्रत्येक शब्द चुकीचा नव्हता. जेवणाबरोबर चहा घेतल्याने अन्नातले लोह अंगी कमी लागते, हे सिद्ध झालेले आहे. म्हणजे एकाच यादीत एक ओळ शास्त्राची आणि दुसरी रूढीची असू शकते. परंपरेतले ज्ञानही तपासून खरे ठरू शकते. चीनमधल्या तू यूयू या विदुषीने जुन्या वैद्यकग्रंथातल्या वनस्पतीचा धागा धरून मलेरियावरचे औषध वेगळे काढले आणि २०१५ साली नोबेल मिळवले. पण त्यांनी ग्रंथ पुरावा म्हणून मानला नाही. ग्रंथाने दिशा दाखवली, पुरावा प्रयोगशाळेत आणि रोग्यांवर मिळाला.

पाच प्रश्न

म्हणून कोणताही आरोग्याचा सल्ला हाती आला, मग तो सरकारचा असो, गर्भसंस्काराच्या वर्गातला असो की विहारातल्या एखाद्या वडीलधाऱ्याचा, त्याला पाच प्रश्न विचारा.

पहिला : हे किती जणांवर आणि कशाशी तुलना करून पाहिले? अभिमन्यूची गोष्ट सांगितली जात असेल, तर ती गोष्ट आहे, पुरावा नव्हे.

दुसरा : यातले शब्द मोजता येण्याजोगे आहेत काय? ग्रॅम, वजन, उंची, टक्के यांची तपासणी होते. शुद्ध-अशुद्ध यांची होत नाही.

तिसरा : बोट एकाच समाजाच्या ताटाकडे दाखवले आहे काय? साखर-तुपाच्या मिठाईला सोडून फक्त अंड्याला दोष दिला असेल, तर सावध व्हा.

चौथा : काढून घेतले त्याच्या जागी काय दिले? अंड्याऐवजी तेवढ्याच पोषणाचे दूध, डाळ, शेंगदाणे रोज खरोखर मिळणार असतील, तर बोलणे होऊ शकते. नुसता उपदेश मिळणार असेल, तर ती उपासमार आहे.

पाचवा : नवा पुरावा आल्यावर हा सल्ला बदलला आहे काय? अमेरिकेने अन्नातल्या कोलेस्टेरॉलची रोज ३०० मिलिग्रॅमची मर्यादा अनेक वर्षे सांगितली आणि २०१५ नंतरच्या मार्गदर्शिकेत ती आकड्याची मर्यादा काढून टाकली. आपली चूक दुरुस्त करण्याची सोय शास्त्रात असते. रूढीत ती नसते.

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. अंगणवाडीताईला, नर्सबाईला, डॉक्टरांना ते नम्रपणे विचारता येतात. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक सदस्य असतात. त्यांनी बैठकीत फक्त सही करून उठू नये, मुलांच्या ताटाविषयी बोलावे. मुलांच्या आहाराविषयी कागद आला, तर तो महिला मंडळात वाचून घ्यावा. एकीने वाचावा, चौघींनी प्रश्न काढावेत.

उपासिका भगिनींनो, शेवटी तुमच्याशी बोलतो, कारण ताट तुमच्या हातून वाढले जाते आणि उपाशी राहण्याची पाळीही बहुधा तुमच्यावरच येते. सुनेचे रक्त तपासून घ्या आणि आकडा विचारून घ्या. गोळ्या न चुकता द्या. त्याबरोबर लिंबू किंवा आवळा द्या, चहा जेवणानंतर बऱ्याच वेळाने द्या. अंडे, सुकट, मासळी तुमच्या घरात चालत असेल, तर ती तिला आधी वाढा, पुरुषांच्या पंक्तीनंतर उरले तर नव्हे. चालत नसेल, तर डाळ, दूध, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे यांत हात आखडू नका आणि ब-१२ विषयी डॉक्टरांना विचारा. आणि मुलाच्या डब्यात जे द्याल, ते झाकून खायला शिकवू नका.

बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो एका अंधारातून निघून दुसऱ्या अंधारात जाण्यासाठी नव्हे. पोथीपुढे वाकलेली मान परिपत्रकापुढे वाकवायची नाही, आणि खऱ्या औषधापुढे ताठही ठेवायची नाही. जे तपासून हिताचे ठरेल ते घ्यावे, मग ते कोणाच्याही हातून येवो. जे तपासाला उभे राहत नाही ते नाकारावे, मग त्यावर कोणाचाही शिक्का असो. सम्यक् दृष्टी ती हीच, आणि आपल्या सुनेच्या आणि नातवंडांच्या अंगात चार थेंब रक्त वाढेल तेही हिच्यामुळेच.

जय भीम! भवतु सब्ब मंगलं.